सँक्शन लेटर आलं, आता विसार द्यायचा का? (गृहकर्ज, कोल्हापूर)

रंकाळा_कट्टा
रिसेल फ्लॅट, ई वॉर्ड, किंमत ४० लाख. बँकेचं ३२ लाखांचं सँक्शन लेटर (कर्जमंजुरीचं पत्र) आलंय. खरेदी नवरा-बायको दोघांच्या नावावर. विकणाऱ्याचं त्याच फ्लॅटवर दुसऱ्या बँकेचं साधारण ९ लाख कर्ज शिल्लक आहे. तो दोन लाख विसार (आगाऊ रक्कम) मागतोय. एजंट म्हणतो, "लोन झालंय, आता काय राहिलंय?" खरंच काय राहिलंय ते कुणी क्रमानं सांगेल का? आणि खिशातून एकूण किती जाणार?

सर्च_रिपोर्ट
निम्म्याहून जास्त काम राहिलंय. सँक्शन लेटर म्हणजे बँकेनं तुम्हाला पास केलं. फ्लॅटला अजून कुणी पास केलेलं नाही. लेटरच्या अटींत "लीगल आणि टेक्निकल रिपोर्ट समाधानकारक असल्यास" अशा अर्थाची ओळ असते, सगळा खेळ त्या ओळीवर आहे. पगार, रिटर्न, सिबिल (जुन्या कर्जफेडीची नोंद), चालू हप्ते ही माणसाची तपासणी झाली. मिळकतीची तपासणी वेगळी. बँकेच्या पॅनेलवरचा वकील साधारण ३० वर्षांचा सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध) घेतो आणि व्हॅल्युअर, म्हणजे किंमत ठरवणारा, जागेवर जाऊन नकाशा व बांधकाम ताडून बघतो. यातला एक रिपोर्ट जरी उलटा आला, तरी लेटर हातात असून एक रुपया सुटत नाही.

विसार द्यायचाच तर दोन लाख नको, कमी द्या, आणि बँकेतूनच द्या. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोख देणं-घेणं आयकर कायद्याला चालत नाही, आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. शिवाय रोख दिलेले पैसे बँक तुमचा हिस्सा म्हणून धरत नाही. विसारपावतीत एक वाक्य घालून घ्या: "मिळकत बँकेच्या लीगल अगर टेक्निकल तपासणीत नामंजूर झाल्यास विसाराची संपूर्ण रक्कम १५ दिवसांत परत देणेची आहे." विकणारा या वाक्यावर अडला, तर त्याला कागदांबद्दल काय माहीत आहे ते आधी विचारा.

आकडेमोड
खिशातलं सांगतो.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांना ८० टक्के आणि ७५ लाखांवर ७५ टक्के. तुमचे ३२ लाख म्हणजे बरोबर ८० टक्के. किंमत म्हणजे करारातली किंमत किंवा व्हॅल्युएशन, यातली कमी असेल ती. व्हॅल्युअरनं ३८ लाख लावले तर कर्ज ३०.४० लाख होईल आणि वरचे १.६० लाख तुमच्यावर येतील. स्टॅम्प ड्युटी व नोंदणी फी या किमतीत धरत नाहीत (१० लाखांपर्यंतच्या घराला तेवढी सूट आहे).

तुमचा हिस्सा ८,००,०००
मुद्रांक शुल्क, महापालिका हद्दीत अधिभारासह ६ टक्के: २,४०,०००
नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,०००: ३०,०००
गहाणाच्या कागदाचं मुद्रांक, ५ लाखांवरच्या कर्जाला ०.३ टक्के: ९,६००

झाले १०,७९,६००. यात प्रोसेसिंग फी आणि त्यावरचा जीएसटी, वकील, व्हॅल्युअर, सोसायटीची ट्रान्सफर फी आलेली नाही. ट्रान्सफर प्रीमियमला महापालिका क्षेत्रात कमाल २५,००० ची मर्यादा आहे, "बिल्डिंग फंड" या नावानं त्यावर काही मागितलं तर पावती मागा. साडेअकरा लाख हाताशी ठेवा. रिसेल आहे म्हणून जीएसटी नाही. बांधकाम चालू असतं तर लागला असता: ४५ लाखांपर्यंत किंमत आणि कोल्हापूरसारख्या ठिकाणी ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेट असेल तर १ टक्का, नाहीतर ५ टक्के.

मुद्रांक करारातली किंमत आणि रेडीरेकनर (सरकारनं ठरवलेली किंमत) यातल्या जास्त रकमेवर लागतो हेही ध्यानात असू द्या.

लवंगी_मिरची
बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलं की मुद्रांक १ टक्का कमी. ४० हजार वाचले की हो!

आकडेमोड
वाचतात, पण सगळे खरेदीदार बायकाच असतील तरच. दोघांच्या नावावर घेतलं की सवलत गेली. दुसरी बाजूही बघा. नवरा मालक नसेल तर हप्ता त्यानं भरला तरी व्याजाची आयकर वजावट त्याला मिळत नाही, मालकी आणि कर्ज दोन्हींत नाव लागतं. नवरा जुन्या करप्रणालीत असेल तर वर्षाला २ लाखांपर्यंतच्या व्याजाचा प्रश्न आहे. नव्या प्रणालीत राहत्या घराला ती वजावटच नाही, तिथं सरळ ४० हजार वाचवा.

उसाचा_फड
आमच्याकडं पगारपत्रक न्हाई. ऊस, दोन म्हशी आणि गावात पाइप-फिटिंगचं दुकान. बँकवाले रिटर्न मागत्यात. ऊस-बिलावर कर्ज हुतंय का न्हाई?

करवीर_शाखा
होतं, पण बिल खात्यावर दिसलं पाहिजे. भावा, तीन गोष्टी नीट ठेव.

कारखान्याचं बिल आणि दूध संघाचं बिल एकाच खात्यात येऊ दे, आणि आल्या दिवशी सगळं काढू नको. बँक वर्षभराची सरासरी शिल्लक बघते. रिटर्न किमान दोन, बऱ्याच ठिकाणी तीन वर्षांचे लागतात, आणि त्यात शेती उत्पन्नाच्या रकान्यात खरा आकडा हवा. तो करमुक्त आहे म्हणून रिकामा सोडतात, आणि मग बँकेच्या हिशेबात शेती शून्य धरली जाते. शेवटच्या महिन्यात तिन्ही रिटर्न एकदम भरले तर पडताळणीत ती तारीख दिसते आणि फाइल मागं सरकते.

दुकानाचे रिटर्न कमी दाखवून कर वाचवलेला असतो, आणि कर्जाच्या वेळी तेच आडवं येतं. सगळे हप्ते मिळून निव्वळ उत्पन्नाच्या ५० ते ६० टक्क्यांच्या आत बसावेत हा बहुतेक बँकांचा हिशेब. महिना ४० हजार उत्पन्न दाखवलं आणि ट्रॅक्टरचा हप्ता १२ हजार असेल, तर घरासाठी ८ ते १२ हजारच उरतात.

अजून एक, आपल्या भागातलं खास. पतसंस्थेत किंवा बँकेत कुणाला जामीन राहिला असशील तर आधी त्याची चौकशी कर. बँकेच्या कर्जाचा जामीन सिबिलमध्ये तुझ्या नावावर दिसतो आणि त्यानं हप्ते थकवले की डाग तुझ्या रिपोर्टला लागतो. सोनेतारणही दिसतं. रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, अर्जाच्या तीन महिने आधी काढ. "सेटल्ड" असा शेरा दिसला तर राहिलेली रक्कम भरून तो "क्लोज्ड" करून घे. आणि एकाच आठवड्यात पाच बँकांत अर्ज टाकू नको, प्रत्येक चौकशीची नोंद राहते.

सर्च_रिपोर्ट
आता मूळ प्रश्नाकडं. कोल्हापुरात मिळकत लीगल-टेक्निकलला कशावरून अडते, ते विसार द्यायच्या आधी स्वतः बघता येतं.

पहिलं, जमीन कुठल्या प्रकारची. सातबाऱ्यावर "भूधारणा पद्धती" हा रकाना वाचा. भोगवटादार वर्ग १ असेल तर पुढं चला. वर्ग २ असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराण्याचा (सरकारला भरायच्या रकमेचा) विषय येतो, तो मिटल्याशिवाय बँक हात लावत नाही. देवस्थान इनाम, म्हणजे वर्ग ३, असेल तर तिथंच थांबा. आपल्या जिल्ह्यात अशा जमिनी भरपूर आहेत, आणि त्यांवर प्लॉट पाडून नोटरीवर विकलेलेही सापडतात. नोटरी झाली म्हणून मालकी येत नाही.

दुसरं, "इतर हक्क". विकास सोसायटीचा इकरार (कर्जासाठी जमीन तारण दिल्याची नोंद), पीककर्जाचा बोजा, कुळाची किंवा बहिणींच्या वारसाची नोंद. कर्ज फेडलेलं असतं पण बोजा कमी केलेला नसतो, हे तर सर्रास. फेडल्याचा दाखला घेऊन तलाठ्याकडं नोंद करून घ्या, फेरफार मंजूर व्हायला वेळ जातो म्हणून हे आधीच उरका.

शहरात सातबाऱ्याऐवजी प्रॉपर्टी कार्ड. वॉर्ड आणि सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर) दस्तात, कार्डावर आणि घरफाळ्याच्या पावतीवर एकच आहे ना, हे अक्षरशः बोट ठेवून वाचा. घरफाळा नावावर आहे म्हणजे मालकी आहे असं नव्हे, तो कर वसुलीपुरता कागद.

तिसरं, पूररेषा. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर व्हॅल्युअर हे हमखास विचारतात. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत नवं बांधकाम नाही. दोन्हींच्या मधे जोत्याची पातळी लाल रेषेच्या वर ठेवण्यासारख्या अटींवर परवानगी मिळते. दुधाळी, रमण मळा, नागाळा पार्कचा खालचा भाग, अशा ठिकाणी बांधकाम परवान्यात काय अटी घातल्या होत्या त्या काढून बघा. परवाना जुना असेल तर इमारत बेकायदा ठरत नाही, पण व्हॅल्युएशन खाली येऊ शकतं आणि मग वर आकडेमोड यांनी सांगितलेला १.६० लाखांचा प्रकार होतो.

चौथं, बांधकाम. मंजूर नकाशात तीन मजले आणि जागेवर चार. पार्किंग बंद करून केलेला गाळा. बाल्कनी आत घेतलेली. बाल्कनीवर बहुतेक वेळा शेरा मारून निभावतं, जादा मजल्यावर नाही. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट स्वस्त का मिळतोय याचं उत्तर बऱ्याचदा नकाशात असतं. भोगवटा प्रमाणपत्र मागाच, "पूर्णत्वाचा अर्ज दिलाय" याची पोच म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

चिव्वा_बाजार
पाचगाव, कळंबा, उचगाव या बाजूला प्लॉट घेणाऱ्यांनी वरच्यात एक भर घाला. शहरालगतच्या ४२ गावांसाठी २०१७ पासून वेगळं नागरी विकास प्राधिकरण आहे. बांधकाम परवाना कुणाचा चालतो हा प्रश्न बँकेचा वकील विचारणारच, ग्रामपंचायतीच्या ठरावाच्या झेरॉक्सवर भागत नाही. बिनशेती आदेश, मंजूर लेआउट, त्यातला प्लॉट नंबर हे तिन्ही जुळले पाहिजेत. गुंठेवारीतला (मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेला) तुकडा असेल तर नियमितीकरणाचा दाखला. ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला कायद्यानं ती वाट आहे, पण दाखला हातात आल्यावर बँकेत जा, "प्रस्ताव दिलाय" यावर कुणी कर्ज देत नाही.

सी_वॉर्डकर
एक राहिलं. आपल्याकडं निम्म्या इमारती सोसायटी नाहीत, अपार्टमेंट आहेत. तिथं शेअर सर्टिफिकेट नसतं. बिल्डरचं नोंदवलेलं डिक्लेरेशन आणि प्रत्येक मालकाच्या नावे डीड ऑफ अपार्टमेंट असं असतं. पहिल्या मालकानं नुसत्या करारावर फ्लॅट घेतला, डीड केलंच नाही, आणि पुढं विकला, अशी साखळी तुटलेली असते. तिसऱ्या खरेदीदाराला कर्ज लागतं तेव्हा बिल्डरला शोधत फिरावं लागतं. साखळीतला प्रत्येक दस्त आणि त्याची सूची क्रमांक दोन (दस्त नोंदल्याचा सरकारी उतारा) आधीच मागून घ्या.

रंकाळा_कट्टा
भोगवटा प्रमाणपत्र आहे, डीडही आहे. विकणाऱ्याच्या ९ लाखांचं काय करायचं? तो म्हणतो, आधी पैसे द्या, मग कर्ज फेडून कागद आणतो.

करवीर_शाखा
त्याच्या हातात पैसे द्यायचेच नाहीत. क्रम असा ठेवा.

त्याला त्याच्या बँकेतून दोन पत्रं आणायला सांगा. एक, अमुक तारखेपर्यंतची कर्ज बंद करायची रक्कम, त्यात रोजचं व्याज किती तेही लिहिलेलं. दोन, बँकेच्या ताब्यात असलेल्या मूळ कागदांची यादी. या यादीवरून तुमच्या बँकेचा वकील झेरॉक्स तपासून लीगल पूर्ण करतो. लीगल-टेक्निकल पास झाल्यावरच साठेखत (खरेदीपत्राआधीचा विक्रीचा करार) नोंदवा. साठेखतात जुनं कर्ज, खाते क्रमांक आणि "खरेदीदाराच्या हिश्शातून थेट कर्जखात्यात भरणा" हे लिहा. पूर्ण मुद्रांक इथंच लागतो, पुढं खरेदीपत्राला तो वळता होतो आणि नाममात्र मुद्रांकावर काम होतं. दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणी करायची असते, नंतर दंड.

मग तुमचे ८ लाख आरटीजीएसनं थेट त्याच्या कर्जखात्यात, वरचा लाख त्यानं भरायचा. बहुतेक बँकांना तुमचा हिस्सा आधी गेलेला हवाच असतो, त्यामुळं हे दोघांनाही सोयीचं. खातं बंद झालं की त्याच्या बँकेनं ३० दिवसांत मूळ कागद परत देणं आणि बोजा उतरवणं १ डिसेंबर २०२३ पासून बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. पण हा महिना तुमच्या वेळापत्रकात धरा! सँक्शन लेटरची मुदत सहसा तीन ते सहा महिने, काहींची त्याहून कमी. ती संपली की पुन्हा पगारपत्रक, पुन्हा सिबिल, आणि व्याजदरही त्या दिवशीचा.

जुना बोजा सरसाईच्या नोंदीतूनही उतरला पाहिजे. ही तारण मिळकतींची केंद्रीय नोंदवही. कुणालाही किरकोळ फी भरून ऑनलाइन शोध घेता येतो. खरेदीपत्राच्या आधी एकदा शोध घ्याच, एकाच फ्लॅटवर दोन बँकांचं कर्ज असलं तर इथंच उघडं पडतं.

लवंगी_मिरची
आणि तो मधेच पलटला तर? आठ लाख भरून बसलो आपण.

सर्च_रिपोर्ट
म्हणूनच साठेखत नोंदवलेलं हवं, नोटरीचं नको. नोंदवलेल्या साठेखतावर खरेदीपत्र करून देण्याचा दावा लावता येतो, आणि ते सूची दोनमध्ये दिसत असल्यानं दुसऱ्या गिऱ्हाइकानं सर्च घेतला तर तो दचकतो. दावा लागला की वर्षं जातात हेही खरं. विकणाऱ्याच्या बायकोची सही संमती म्हणून घ्या, मिळकत वडिलार्जित असेल तर मुलांचीही.

आकडेमोड
खरेदीपत्राच्या दिवसाचं बघा.

सही करायच्या आधी बँकेकडून की फॅक्ट स्टेटमेंट मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाला ते द्यावंच लागतं, आणि विचार करायला निदान तीन कामाचे दिवस मिळतात. त्यात वार्षिक टक्केवारी दर असतो, म्हणजे व्याजात प्रोसेसिंग फी, विमा वगैरे धरून पडणारा खरा दर. दोन बँकांची तुलना फलकावरच्या व्याजदरावर करू नका, या आकड्यावर करा.

३२ लाख विकणाऱ्याला डीडीनं जातात. डीडीचा नंबर खरेदीपत्रात लिहायचा असतो, म्हणून डीडी आदल्या एक-दोन दिवशी निघतो. दस्त नोंदला गेला की दुय्यम निबंधक कार्यालयातच विकणाऱ्याच्या हाती द्यायचा. सर्व्हर बंद पडला, विकणारा आला नाही, म्हणून डीडी आठवडाभर बँकेच्या कपाटात राहिला तर त्या आठवड्याचं व्याज लागायला नको. पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या तारखेपासूनच व्याज लावा, असं रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. पहिलं स्टेटमेंट आलं की तारीख ताडून बघा.

दस्तानंतर मूळ खरेदीपत्र आणि सूची दोन बँकेत जमा. गहाणाची सूचना ३० दिवसांत नोंदवायची असते. नाव, पॅन, फ्लॅट नंबर यात एक अक्षर जरी चुकलं तरी चूकदुरुस्तीपत्र करावं लागतं आणि त्यासाठी विकणारा पुन्हा यावा लागतो. पैसे मिळालेला माणूस पुन्हा येत नाही. म्हणून दस्ताचा मसुदा आदल्या दिवशी दोघांनी मोठ्यानं वाचा.

पांढरा_रस्सा
कर्जाबरोबर दीड लाखाचा विमा घ्यावाच लागतो म्हणे. एकरकमी, कर्जातच वाढवून.

करवीर_शाखा
जीवन विमा सक्तीचा नाही. घराचा विमा मात्र बँक मागते आणि तो घ्यावाच, स्वस्त असतो. भारत गृह रक्षा ही सर्व कंपन्यांकडं मिळणारी प्रमाणित पॉलिसी आहे, तिच्यात पूर येतो. दुधाळीवाल्यांनी तर मागंपुढं बघू नये.

दीड लाख कर्जात वाढवले की त्यावर २० वर्षं व्याज भरता. तेवढंच संरक्षण साध्या मुदत विम्यात वेगळं घेऊन बघा, फरक कळेल. कमावता एकटाच असेल तर संरक्षण हवं, पण ते कर्जाला चिकटलेलं असायची गरज नाही.

आकडेमोड
मुदतीबद्दल एकच हिशेब देतो. ८.५ टक्के धरून ३० लाखांना २० वर्षांचा हप्ता २६,०३५, एकूण व्याज साधारण ३२.४८ लाख. १५ वर्षांचा हप्ता २९,५४२, व्याज २३.१८ लाख. महिना साडेतीन हजारांत नऊ लाखांचा फरक. पहिल्या हप्त्यातले २१,२५० व्याजातच जातात, मुद्दल फक्त ४,७८५. म्हणून जादा भरणा करायचा तर सुरुवातीच्या वर्षांत करा. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नाही. भरताना "हप्ता तोच, मुदत कमी" असं लेखी द्या.

दर वाढला की बँक हप्ता तसाच ठेवून गुपचूप मुदत लांबवते. ऑगस्ट २०२३ च्या सूचनेनुसार हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हा पर्याय तुम्हाला द्यावा लागतो. वर्षातून एकदा शिल्लक हप्ते मोजून बघा.

रंकाळा_कट्टा
एवढं सगळं झाल्यावर फेडीच्या वेळी काय, तेही सांगून टाका. इथंच नोंद राहील.

सी_वॉर्डकर
शेवटचा हप्ता गेला म्हणजे खातं बंद झालं असं नाही. दोन-चारशे रुपये व्याज शिल्लक राहतं आणि खातं चालू दिसतं. बंद करायचं लेखी पत्र द्या, नाच मँडेट (खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी) रद्द करा, सुरुवातीला दिलेले सहीचे कोरे चेक मोजून परत घ्या. मूळ कागद घेताना जमा केल्याच्या दिवशी मिळालेली यादी बरोबर ठेवा आणि एकेक पान ताडून मगच पोच द्या. ही यादी आज, कर्ज घेताना, मागून घ्यायची असते, वीस वर्षांनी शाखेत कुणी ओळखीचं नसतं.

मग बाकीच्या नोंदी: सरसाईतून बोजा उतरल्याचा कागद, सिबिलला "क्लोज्ड", सोसायटीच्या वहीतली बँकेची नोंद कमी. प्रॉपर्टी कार्डावर बोजा चढवला असेल तर बँकेचा दाखला घेऊन नगर भूमापन कार्यालयात अर्ज, आणि महिन्याभरानं नवा उतारा काढून तो गेला का ते बघायचं. तो उतारा आणि बँकेचा दाखला मूळ दस्ताच्याच फाइलला लावा, पुढच्या खरेदीदाराचा वकील पहिल्यांदा तोच मागणार आहे.